बाथरोब अमेरिकेला पाठवताय? ई-फायलिंगची तयारी कारखान्यातूनच कशी करावी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याला अमेरिकेतल्या बायरचा मेल येतो: पुढच्या मालापासून सर्टिफिकेटचा डेटा आधी पाठवा. सोबत भलीमोठी एक्सेल शीट. आपण आधी फोन करतो तो सीएचएला, म्हणजे आपल्या इथल्या कस्टम एजंटला, आणि तो म्हणतो, हे आमच्याकडे येत नाही. त्याचं बरोबर आहे. ही फाइल न्हावा शेवा बंदरात लागत नाही, अमेरिकेच्या कस्टमला लागते.

तिकडे ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षितता पाहणारा सीपीएससी नावाचा आयोग आहे. ठरावीक वस्तूंसाठी सुरक्षा सर्टिफिकेट पूर्वीपासूनच लागतं, पण ते पीडीएफ करून ठेवायचं आणि कुणी मागितलं तर दाखवायचं, असा कारभार होता. ८ जानेवारी २०२५ ला प्रसिद्ध झालेल्या नियमाने तो बदलला. ८ जुलै २०२६ पासून आयात होणाऱ्या मालासाठी ही माहिती कस्टमच्या एन्ट्रीसोबतच ऑनलाइन भरायची. यालाच ई-फायलिंग म्हणतात. फॉरेन ट्रेड झोनमधून (अमेरिकेतल्याच, पण कस्टमच्या दृष्टीने बाहेरच्या धरलेल्या गोदाम-क्षेत्रांतून) येणाऱ्या मालाला ८ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. भरायची जबाबदारी आयातदाराची. पण रोब कुठल्या शेडमध्ये, कुठल्या महिन्यात शिवला, हे त्याला कोण सांगणार? आपणच.

आधी ठरवा, सर्टिफिकेट लागतं का

इथे घाई करू नका. बायरची शीट आली म्हणून सगळ्याच मालाचं सर्टिफिकेट करायचं नसतं. ज्या वस्तूला सीपीएससीचा एखादा नियम लागू होतो, तिलाच ते लागतं.

मोठ्यांच्या वापराच्या साध्या टेरी टॉवेलला असा नियम नाही. आपल्या चादरीलाही नाही. त्याच टेरीचा बाथरोब शिवला की मात्र तो अंगावर घालायचा कपडा होतो, आणि कपड्याच्या ज्वलनशीलतेचा १६ सीएफआर १६१० (सीएफआर म्हणजे अमेरिकेचा केंद्रीय नियमसंग्रह) हा नियम लागतो. बरेच जण इथे फसतात. ‘सुती आहे, जड आहे, म्हणजे सूट आहे’ असं ऐकलेलं असतं. वजनाची ती सूट सपाट कापडाला आहे, चौरस यार्डाला २.६ औंस किंवा त्याहून जड असेल तर. टेरीवर लूप असतात, म्हणजे उठावाचा पृष्ठभाग. त्यामुळे सुती टेरी ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) असलं तरी टेस्ट चुकत नाही. टेस्टमध्ये कापडाचा तुकडा ४५ अंशांत तिरका धरून एक सेकंद ज्योत लावतात आणि आग किती वेगाने पसरते ते मोजतात.

पायपुसणी, बाथमॅट असा जमिनीवर टाकायचा माल असेल तर गालिचांचे १६३० आणि १६३१ हे नियम तपासा. लहान आकाराला १६३१.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा माल हे वेगळंच प्रकरण आहे. मोठ्यांच्या रोबला जनरल सर्टिफिकेट चालतं, मुलांच्या मालाला चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट लागतं, आणि त्याची टेस्ट सीपीएससीने मान्य केलेल्या बाहेरच्या लॅबमध्येच करावी लागते. या लॅबची यादी आयोगाच्या वेबसाइटवर आहे. बाळाच्या टोपीवाल्या टॉवेलचं कापड शिशाच्या टेस्टमधून सुटतं, पण त्याला टिचबटण लावलं की बटणाची टेस्ट आली. मुलांचा बाथरोब तर तिकडे झोपायच्या कपड्यांत मोजतात. नऊ महिन्यांच्या मापापुढच्या अशा कपड्यांची ज्वलनशीलतेची टेस्ट खूप कडक असते आणि प्रक्रिया न केलेली सुती टेरी सहसा त्यात पास होत नाही. ‘तोच रोब, फक्त छोट्या मापात करून द्या’ अशी ऑर्डर आली तर होकार देण्याआधी बायरशी बोला.

मग कागद गोळा करा

माहिती थोडकीच लागते: मालाची ओळख आणि वर्णन, लागू असलेले नियम, सर्टिफिकेट देणारा कोण, टेस्टचे कागद कुणाकडे आहेत त्याचं नाव, पत्ता, ईमेल आणि फोन, माल कधी आणि कुठे बनला, टेस्ट कधी आणि कुठे झाली, आणि लॅबचं नाव-पत्ता.

आपल्याकडे अडतं ते ‘कधी आणि कुठे बनला’ या प्रश्नावर. कापड एका शेडमध्ये विणलेलं, रंगवलेलं प्रोसेस हाऊसमध्ये, शिलाई जॉबवर्कवर तिसऱ्याकडे. पत्ता लिहायचा तो माल तयार होऊन बाहेर पडतो त्या जागेचा, तोही प्लॉट नंबरसकट. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी विणून यात्रेनंतर शिवला असेल तर शिलाईचा महिना धरायचा. शिलाई दोन ठिकाणी केली असेल तर लॉट वेगळे ठेवा आणि पेटीवरही तसा मार्क करा. नंतर बसून आठवत बसलं की हमखास घोळ होतो.

शीट भरताना

आयातदार सीपीएससीच्या प्रॉडक्ट रजिस्ट्रीत खातं उघडतो. तिथे एकेक सर्टिफिकेट हाताने भरता येतं किंवा सीएसव्ही फाइल (एक्सेलमधूनच निघणारी साधी तक्त्याची फाइल) चढवता येते. त्याने परवानगी दिली तर आपणही थेट भरू शकतो. माझा सल्ला, परवानगी मागून घ्या. मेलवर शीट आठ वेळा इकडून तिकडे फिरण्यापेक्षा ते बरं.

एक्सेलशी जपून वागा. बारकोडचा आकडा ८९० ने सुरू होणारा, तेरा अंकी. एक्सेल त्याचं ८.९ई+१२ असं काहीतरी करून ठेवतं, आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते गिळूनच टाकतं. म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे टाका. तारखेचंही तसंच: अमेरिकेत महिना आधी लिहितात. माझ्या एका शीटमध्ये ५ जुलैची टेस्ट ७ मेची झाली होती. रिपोर्टवर एक तारीख, शीटवर दुसरी. बायरने परत पाठवली आणि एक आख्खा दिवस त्यात गेला.

सर्टिफिकेटची ओळख तीन गोष्टींनी पटते: सर्टिफिकेट देणाऱ्याचा आयडी, मालाचा आयडी आणि आवृत्ती क्रमांक. नवी टेस्ट झाली की जुन्यावर खाडाखोड न करता नवी आवृत्ती काढायची.

शेवटचं काम ब्रोकरचं

रजिस्ट्रीत एकदा माहिती बसली की आयातदाराचा अमेरिकेतला ब्रोकर एन्ट्री करताना ही तीन ओळखचिन्हं जोडतो. सगळी माहिती दर वेळी नव्याने भरायचा दुसरा मार्गही आहे, पण तोच माल वारंवार जाणार असेल तर त्यात काही हशील नाही. टॉवेल आणि रोब एकाच कंटेनरमध्ये असतील तर पॅकिंग लिस्टमध्ये त्यांच्या ओळी वेगळ्या करून द्या. कुठल्या ओळीला सर्टिफिकेट जोडायचं आणि कुठल्या ओळीला ‘लागत नाही’ अशी नोंद करायची, हे ब्रोकरला त्यावरूनच कळतं.

जहाज सुटायच्या आत बायरकडून आवृत्ती क्रमांक मेलवर लिहून घ्या, इनव्हॉइसच्या फाइलला लावा आणि लॅबच्या रिपोर्टसह ती फाइल पाच वर्षं जपा. आयातदाराला कागद तेवढी वर्षं ठेवावे लागतात, आणि त्याच्याकडचा रिपोर्ट हरवला की तो फोन कुणाला करणार, हे वेगळं सांगायला नको.