अगोटीपूर्वी (पावसाळा सुरू होण्याआधी) धान्याला धुरी: भुंगे मेले तरी अंडी जिवंत असतात

वाल, कुळीथ, चवळीची मळणी आटोपली की मे महिन्यात साठवणुकीची घाई सुरू होते. कडधान्यातला भुंगेरा शेतातच पिकलेल्या शेंगांवर अंडी घालतो. पुढे साठ्यात दाण्यांवर चिकटलेले बारीक पांढरे ठिपके दिसतात, ती त्याचीच अंडी. भातातल्या सोंडा किडीची अंडी दाण्याच्या आत असतात, त्यामुळे ती दिसतच नाहीत.

धुरी म्हणजे ताडपत्रीने बंद केलेल्या साठ्यात किडी मारायला विषारी वायू सोडणं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो श्वासावाटे किडीच्या शरीरात जातो. हालते भुंगे एक-दोन दिवसांत मरतात. अंडी आणि कोष मात्र फार कमी श्वास घेतात, म्हणून तग धरतात. मेलेले भुंगे पाहून तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली, की महिनाभरात साठा पुन्हा किडतो. अशा वेळी गोळ्या वाढवून उपयोग नाही, दिवस वाढवा. आपल्याकडच्या उबेत चार-सहा दिवसांत अंडी फुटतात आणि कोवळी अळी वायूने सहज मरते. पण तोवर वायू आत टिकायला हवा.

कोकणात नेमकी इथेच गडबड होते. दमट हवेत गोळीची ओलाव्याशी लवकर क्रिया होऊन वायू झटकन सुटतो आणि जागा गळकी असेल तर अंडी फुटण्याआधीच निघून जातो. जांभ्याच्या भिंती सच्छिद्र, वर कौलं. अशी खोली कितीही बंद केली तरी वायू धरत नाही. म्हणून पोत्यांची थप्पी जाड प्लॅस्टिकवर रचावी, वरून २०० मायक्रॉन जाडीचं अखंड आच्छादन घालावं आणि कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी सलग दाबाव्यात. कोपऱ्यांवर दुहेरी पिशव्या ठेवाव्यात, गळती बहुतेक तिथूनच होते. एका टनाला ३ ग्रॅमच्या तीन गोळ्या आणि किमान सात पूर्ण दिवस. सोंडा असेल तर दहा.

हे काम घरी स्वतः करायचं नाही. कायद्याने ते सरकारी यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकाकडूनच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून घ्यावं लागतं. माणसं किंवा गुरं राहतात त्या घरात किंवा लागून असलेल्या खोलीत धुरी कधीच देऊ नये, जीव जातो. गोळीला पाणी लागलं तर पेटही घेते. वास येत नाही म्हणजे वायू गेला असं समजू नका. उघडल्यावर वायू मोजून खात्री करायला सांगा.

धुरीचा परिणाम नंतर उरत नाही, नवी कीड लगेच येऊ शकते. धुरीनंतर अर्धा किलो दाणे काचेच्या बरणीत घालून तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा आणि पाच आठवडे पाहा. भुंगे निघाले तर अंडी किंवा कोष वाचले होते.

घरापुरत्या कडधान्याला धुरी लागतच नाही. कडक उन्हात दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा, थंड होऊ द्या, मग किलोला ५ मिली खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तेलाच्या थराने अंड्यांची हवा बंद होते.