ब्राउझरमध्येच व्हिडिओ लावायचाय? मग या चुका टाळा

फाइल उचलली, क्रोमच्या टॅबवर ओढून सोडली, झाला व्हिडिओ सुरू. वेगळा प्लेअर लागतच नाही. बहुतेक वेळा हे खरंच इतकं सोपं असतं, पण एखादी फाइल अडली की आपण सेटिंग्ज उघडतो आणि दिसेल ते चालू-बंद करत सुटतो. मी पण तेच करायचो. दोष मात्र बऱ्याचदा ब्राउझरचा नसतोच, फाइलच्या पोटात काय आहे त्याचा असतो, आणि तेवढंच कोणी बघत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फाइलच्या नावावर विश्वास ठेवणं. एमपी४, एमकेव्ही, वेबएम हे नुसते डबे आहेत, आत चित्र एका कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत) असतं आणि आवाज दुसऱ्याच. सगळीकडे डोळे मिटून चालणारी जोडी म्हणजे एमपी४ मध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. वेबएममध्ये व्हीपी९ आणि ओपस असेल तरी आता सहसा अडत नाही. एव्हीआय, डब्ल्यूएमव्ही, एफएलव्ही असेल तर वेळ घालवू नका, ब्राउझर ते घेत नाही.

माझाच किस्सा सांगतो. एक एमकेव्ही फाइल होती, टॅबमध्ये टाकली की चालायच्या ऐवजी डाउनलोडच व्हायची. कोणीतरी म्हणालं नाव बदलून एमपी४ कर, केलं, आणि चित्र सुरू झालं की हो! मी खूश. पण आवाज नाही. मग काय, टॅब म्यूट आहे का बघितलं, स्पीकर बदलले, साउंडचा ड्रायव्हर काढून परत टाकला, पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. शेवटी तीच फाइल व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये उघडून कंट्रोल आणि जे दाबलं, कोडेकची माहिती उघडली, तर ऑडिओसमोर लिहिलेलं, ए५२, म्हणजेच एसी३ नावाचा आवाजाचा कोडेक. क्रोम एसी३ पण वाजवत नाही आणि डीटीएस हा दुसरा आवाजाचा कोडेक पण नाही. स्पीकर बिचारा धडधाकट होता. तर नाव बदलून डबा बदलत नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. आता मी आधी कंट्रोल-जे दाबतो, मग बाकीचं.

आणि असं सापडलं की लगेच अख्खा व्हिडिओ कन्व्हर्टरला देऊन बसू नका, ही पुढची चूक. चित्र एच.२६४ च असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही. एफएफएमपेगला (कमांड लिहून चालवायचं फुकट टूल) सांगायचं की व्हिडिओ कॉपी कर आणि फक्त ऑडिओ एएसी कर, काम पटकन होतं आणि चित्राची क्वालिटी तसूभरही जात नाही. दोन्ही ठीक असून फक्त डबा चुकीचा असेल तर दोन्ही कॉपी, ते तर अजून लवकर होतं. हँडब्रेक हा कन्व्हर्टर चांगलाय पण तो चित्र दरवेळी नव्याने एन्कोड करतो, त्यामुळे वेळ जातो.

उलटा प्रकार, आवाज येतोय आणि स्क्रीन काळी, तर संशय एचईव्हीसी या चित्राच्या कोडेकवर घ्या, त्यालाच एच.२६५ म्हणतात. हल्लीचे फोन यातच शूट करतात, आयफोनमध्ये तर २०१७ च्या आयओएस ११ पासून हे आलंय. सफारीला अडचण नाही. क्रोममध्ये २०२२ च्या १०७ व्हर्जनपासून चालतं पण कॉम्प्युटरच्या हार्डवेअरला ते झेपलं पाहिजे, विंडोजवर एज ब्राउझरला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं वेगळं एक्स्टेन्शन लागतं, आणि फायरफॉक्समध्ये विंडोजवर ते आलं थेट जानेवारी २०२५ मध्ये. म्हणून एकाच्या लॅपटॉपवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही. पुढे हा त्रास नको असेल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवा, फाइली मोठ्या होतील तेवढं चालवून घ्या.

कोडेक पॅक, म्हणजे कॉम्प्युटरवर वेगळे टाकायचे कोडेकचे गठ्ठे, टाकू नका. क्रोम स्वतःचे कोडेक सोबत घेऊनच येतो, तो तुमचा पॅक बघत पण नाही. तसंच जुन्या लेखांमधले प्लगिनचे (ब्राउझरला जोडायच्या प्लेअरचे) सल्ले पण सोडून द्या, क्रोमने ते प्लगिन सप्टेंबर २०१५ मध्ये काढले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि त्यातलंच फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. आज कुठल्या साइटवर "प्लेअर अपडेट करा" अशी खिडकी उघडली तर टॅब बंद करा, अपडेट-बिपडेट काही नसतं तिथे. एचईव्हीसीचं ते एक्स्टेन्शन सोडलं तर खरंच काही टाकावं लागतं ते दोनच ठिकाणी, विंडोजची एन एडिशन (मीडियाचे भाग वगळलेली आवृत्ती) असेल तर मीडिया फीचर पॅक, आणि लिनक्सवर फायरफॉक्स असेल तर एफएफएमपेगच्या लायब्ररी.

हिरवे पट्टे, फाटलेलं चित्र दिसतंय? सेटिंग्जमधल्या सिस्टीममध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, ब्राउझर रीस्टार्ट करा आणि बघा. ड्रायव्हर अपडेट केला की परत चालू करायला विसरू नका, नाहीतर मोठ्या व्हिडिओला सगळा भार प्रोसेसरवर आणि पंखा ओरडायला लागतो.

फाइल तुमच्याच सर्व्हरवर असेल आणि लिंक दाबल्यावर चालायच्या ऐवजी डाउनलोड होत असेल तर ब्राउझरला शिव्या देऊ नका, सर्व्हर त्या फाइलचा प्रकार चुकीचा सांगतोय किंवा तिला अटॅचमेंट म्हणून पाठवतोय. चालते पण सुरू व्हायलाच फार वेळ घेते? एमपी४ ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी राहिलेली असू शकते, एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्ट लावलं की ती पुढे येते, हँडब्रेकमध्ये तेच वेब ऑप्टिमाइझ्ड नावाने आहे.

आणि हो, सबटायटलची एसआरटी फाइल शेजारी ठेवून वाट बघत बसू नका. नाव तंतोतंत सारखं असलं तरी ब्राउझर ती आपणहून उचलत नाही, त्यासाठी व्हीएलसीच बरा.