ज्ञानेश्वर सेव्ह होत नाही, आणि ऐरोलीच्या नोकरीतल्या बाकीच्या गोष्टी

मामेबहिणीला कॅम्पसमधनं ऑफर लागलीये, जुलैत जॉईनिंग, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. ती चिपळूणची, सुरुवातीचे काही महिने ठाण्यात माझ्याकडेच राहणार. परवा फोनवर म्हणाली, "ताई, तू नक्की दिवसभर करतेस काय गं? आठ तास कोडिंगच?" मी हसले खरी, पण मग वाटलं की मला लागताना हे कुणी नीट सांगितलं असतं तर पहिलं वर्ष एवढं रडतखडत गेलं नसतं. म्हणून तिच्यासाठी लिहायला बसले, तुमच्यात कुणी नवीन लागत असेल तर तुम्हीही वाचा.

तर आठ तास कोडिंग नसतं. बरा दिवस असेल तर तीन तास. उरलेला वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो त्यामुळे त्याला विचारायचीही सोय नसते. कॉलेजात आपण कोरी फाईल उघडतो आणि लिहायला लागतो, इथे लाखभर ओळी आधीच असतात आणि तुम्हाला त्यातल्या दोन बदलायच्यात, फक्त कुठल्या दोन ते शोधण्यात मंगळवार बुधवार जातात. माझं ऐकाल तर पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅप्लिकेशनमधलं कुठलंही एक बटण धरा आणि ते दाबल्यापासून डेटाबेसपर्यंत काय काय होतं ते डिबगर (कोड एकेक ओळ थांबत चालवून दाखवणारं साधन) लावून एकेक पायरी बघा. वहीत लिहा, हो, कागदाच्या वहीत. ती वही मला पुढे दोन वर्षं पुरली.

आणि विचारायला लाजू नका, पण "सर चालत नाहीये" असा मेसेज टाकून गप्प बसू नका. काय करायला गेले, काय झालं, एरर काय आली (फोटो नको, मजकूर कॉपी करा), आत्तापर्यंत काय करून बघितलं. एवढं लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.

आता एक किस्सा सांगते, जरा लांब आहे.

दुसऱ्या वर्षी मला एका क्लायंटकडे पुण्याला पाठवलं, सिस्टीम लाईव्ह होणार होती आणि तिथे आमचं कुणीतरी बसलेलं हवं होतं. तिथले लोक सभासदांची नावं मराठीत भरत होते आणि काही नावं सेव्हच होत नव्हती. स्क्रीनवर नुसतं "सेव्ह झालं नाही". मी आधी फॉन्टवर संशय घेतला, मग कीबोर्डवर, मग ब्राऊझर बदलला, मग त्यांचं नेटवर्क स्लो आहे असंही म्हणून झालं, जे सगळे डेव्हलपर शेवटी म्हणतातच. दुपारचे दोन वाजले, डबा तसाच. शेवटी डेटा एंट्रीवाले काका म्हणाले, "मॅडम, सुनील पवार जातो बघा, ज्ञानेश्वर विठ्ठलराव जात नाही. इंग्रजीत टाकला तर तोही जातो."

मी लॅपटॉपवर बोटं मोजत बसले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. 'ज्ञा' हे आपल्याला एक अक्षर दिसतं पण आत ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. ज्ञानेश्वर १० चिन्हं, ३० बाइट. विठ्ठलराव ९ चिन्हं, २७. मधली स्पेस एक. झाले ५८. आणि आमच्या ओरॅकल डेटाबेसमध्ये नावाचा कॉलम होता व्हारकॅर-टू ५०, म्हणजे जास्तीत जास्त ५० लांबीचा मजकूर, पुढे काही लिहिलं नसेल आणि डेटाबेसचं सेटिंग कुणी बदललेलं नसेल तर ते ५० म्हणजे बाइट, चिन्हं नाहीत. सुनील पवार २८ मध्ये बसतो, म्हणून तो जातो. आमच्याकडे टेस्टिंग झालं होतं, मराठीतही झालं होतं, पण टेस्टरने नाव टाकलं होतं 'टेस्ट'. १५ बाइट.

उपाय एका ओळीचा, ५० च्या पुढे कॅर लिहायचं, म्हणजे तो बाइटऐवजी चिन्हं मोजतो. पण चीड कशाची आली सांगू का, डेटाबेस बिचारा पहिल्यापासून सांगत होता, एरर ओआरए-१२८९९, अ‍ॅक्च्युअल ५८, मॅक्झिमम ५०, सगळं आकड्यांसकट. आमच्याच कोडमधल्या कॅच ब्लॉकने (एरर आली तर काय करायचं ते जिथे लिहितात तो भाग) ते गिळलं होतं आणि वर "सेव्ह झालं नाही" एवढंच ठेवलं होतं. तो कॅच ब्लॉक कुणी लिहिला होता ते गिटमध्ये बघितलं, कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद तिथे असते. मीच.

तेव्हापासून कुणाचाही कोड रिव्ह्यू करताना मी आधी कॅच ब्लॉक उघडते. टीममधली पोरं वैतागतात, वैतागू देत.

पुण्याला असं जावं लागतंच अधूनमधून, त्यामुळे प्रवासाचं थोडं. ठाण्यात नौपाड्यातून मला वंदना स्टँडवरची शिवनेरी बस सोयीची पडते. बसमध्ये काम करीन असं ठरवून निघू नका, घाटात रेंज जाते येते आणि कॉलवर आपण "हॅलो, येतोय का आवाज" एवढंच बोलत राहतो. कोड मात्र लिहिता येतो, गिटला कमिट करायला (बदल आपल्याच लॅपटॉपवर नोंदवायला) नेट लागत नाही, पुश करायला (ते सर्व्हरवर पाठवायला) लागतं, ते उतरल्यावर करा. हॉटेलचं बिल घेताना कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर घालून घ्या, चेकआऊटलाच, नंतर फोन करून कुणी बदलून देत नाही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड न्या, क्लायंटच्या मीटिंग रूममध्ये प्लग एकच असतो आणि तो प्रोजेक्टरचा असतो.

अमेरिकेचं प्रोजेक्ट मिळालं तर अजून एक भानगड. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, आपलं आहे तिथेच. न्यूयॉर्कचा साडेनऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याला संध्याकाळी सातला पडतो, हिवाळ्यात आठला. मला माहीतच नव्हतं, त्या सोमवारी सातला जाऊन एकटीच कॉलवर बसले आणि मॅनेजरला मेसेज केला की कुणी आलंच नाही! चार महिने संध्याकाळचं जेवण एक तास पुढे जातं, घरी आधीच सांगून ठेवा.

पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो, वर्षाचे २५०० व्हावेत म्हणून. एचआरला मेल करू नका, मी केला होता.

आता येण्याजाण्याचं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरनं सुटते, ऐरोली दहाएक मिनिटं. मी लागले तेव्हा ठाण्यानंतर थेट ऐरोलीच होतं, २०२४ च्या जानेवारीपासून मधे दिघा गाव आलंय. गाडीत दहा मिनिटं आणि घरून स्टेशन, पूल, गर्दी, पलीकडची रिक्षाची लाईन यात पाऊण तास, असा तो हिशोब. म्हणून मी सायकल काढली. नौपाड्यातून कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, नऊ-दहा किलोमीटर, पावणेसातला निघाले तर साडेसातच्या आत पोचते. फिटनेस वगैरे नंतर सुचलं, आधी फक्त पुलावर चढायचा कंटाळा होता. (सायकलिंगने मला कोडिंगबद्दल काय शिकवलं हे मी सांगणार नाहीये, ते लिंक्डइनवर वाचा.)

कपडे सोमवारी ट्रेनने येताना आठवड्याचे नेऊन ठेवते. ऑफिसात शॉवर आहे का ते अ‍ॅडमिनला विचारा, पुष्कळ ठिकाणी असतो आणि त्यात झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात.

ठाणे-बेलापूर रोडला ट्रक फार, आणि त्यांच्या टायरमधल्या बारीक तारा रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेल्या असतात, जिथून आपण चालवतो. पहिल्या महिन्यात माझं मागचं चाक तीनदा पंक्चर. दरवेळी ट्यूब बदलायचे आणि दोन दिवसांत पुन्हा हवा गायब. तिसऱ्यांदा दिघ्याला एका पंक्चरवाल्या चाचांनी टायर उलटा केला, आतून अंगठा फिरवला सावकाश, एका जागी थांबले आणि पक्कडीने तार ओढून माझ्या हातावर ठेवली. केसाएवढी बारीक. ट्यूबचा काही दोषच नव्हता, तार आत तशीच बसून होती आणि मी तिला नव्या ट्यूबा पुरवत होते. त्यांच्या पंपाला माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह बसत नव्हता, "इसका मुंह छोटा है" म्हणाले. त्यासाठी पितळेचं एक छोटं नोझल मिळतं, ते आता चावीच्या जुडग्यात असतं. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप आणि ते नोझल, यापलीकडे सामान घेऊ नका, आणि दुकानदार सांगेल ती महागडी सायकल तर अजिबात घेऊ नका. साधी हायब्रिड बास. रविवारी येऊरचा चढ किंवा पामबीच रोडला जायला तीच चालते.

बहिणीने यावर लगेच विचारलं की ताई मग मीही जुलैपासून सायकलनेच येऊ का. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं बाई. तू आधी तीन महिन्यांचा पास काढ, सायकलचं दिवाळीला बघू.