शेवाळापासून बायोडिझेल, आपल्या खान्देशच्या उन्हात

पहिले हिशोब सांगतो, मग ज्याला वाचायचं त्यानी पुढे वाचा. हजार लिटरच्या टाकीत पाणी हिरवंगार झालं तरी वाळवून हातात येते साधारण अर्धा किलो भुकटी, तिच्यात २०-२५ टक्के तेल धरलं तर १००-१२५ मिली. बस. त्यामुळे ट्रॅक्टर चालवायच्या हिशोबाने यात उतरू नका भो, पण पोरांच्या कॉलेज प्रोजेक्टला एक नंबर विषय आहे. अमेरिका सरकारने १९७८ ते १९९६ याच्यावर मोठं संशोधन चालवलं, मग बजेट कापलं आणि बंद पडलं, क्रूडच्या तेव्हाच्या भावापुढे हे डिझेल महागच पडत होतं.

शेततळ्यावर दोऱ्यासारखं तरंगतं ते शेवाळ घेऊ नका, त्यात तेल फार कमी. स्पिरुलिना पण नको, ती प्रोटीनसाठी, तेल १० टक्क्यांच्या आतच. आपल्याला पाहिजे क्लोरेला किंवा सेनेडेस्मस, एकपेशीय, नुसत्या डोळ्यांना फक्त हिरवं पाणी दिसतं. कल्चर, म्हणजे शेवाळाचं शुद्ध विरजण, पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडून कॉलेजच्या लेटरवर मागवा.

टाकी उथळ पाहिजे, ७-८ इंच पाणी, जास्तीत जास्त फूटभर, कारण पाणी हिरवं झालं की खाली ऊन पोचतच नाही, म्हणून तीन मीटर खोल शेततळं इथे कामाचं नाही. पाणी सारखं हलतं ठेवायचं, छोटा पंप किंवा फिश टँकचा एअर पंप चालतो. आणि सीझन बघा. दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीपर्यंत आटपा, आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि क्लोरेलाला २५-३० डिग्री मानवतं, ३५ च्या वर पाणी गेलं की वाढ बसते. शेडनेट लावलं तर थोडा दम मिळतो पण पाणी उडून क्षार वाढतात ते वेगळंच, बोअरचं पाणी आधीच खारं असेल तर अजून पंचाईत.

खत म्हणजे केळीला ड्रिपमधून सोडतो तेच १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, सोबत चिमूटभर मायक्रोन्यूट्रिएंट. मच्छरदाणी ताणून बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या शेवाळ खाऊन टाकी साफ करतात. आता खरी गंमत: पाणी गडद हिरवं झालं की खत बंद करायचं. नायट्रोजन मिळेना झाला की शेवाळ वाढ थांबवून तेल साठवायला लागतं, पण फार ताणलं तर मालच कमी निघतो, चार-सहा दिवस पुरे.

सगळ्यात किचकट काम पाणी काढणं. लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम माल आणि बाकी सगळं पाणी, हे कापडाने गाळलं जात नाही, पेशी इतक्या बारीक की आरपार जातात. तुरटी टाका, पण आधी काचेच्या ग्लासांमध्ये वेगवेगळा डोस टाकून बघा, लिटरला २०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, ज्यात गोळे बनून खाली बसतात तो डोस टाकीला लावा. वरचं पाणी सोडून द्या, खालचा गाळ कापडावर पसरून सावलीत वाळवा. तुरटीचा ॲल्युमिनियम मालात राहतो, म्हणून उरलेली पेंड ढोरांना घालू नका.

तेल घाणीवर निघत नाही, पेशीची भिंत कडक असते. भुकटी बारीक दळून हेक्झेनमध्ये (तेल विरघळवणारं द्रावण) सॉक्सलेटवर, म्हणजे तेच द्रावण परत परत भुकटीतून फिरवून तेल ओढणाऱ्या काचेच्या उपकरणावर, चढवावी लागते, ते लॅबमध्ये सरांसमोरच करा, हेक्झेन पेट्रोलसारखं भडकतं.

मग रिॲक्शन, म्हणजे तेलाचं बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळं करणं. आधी सरकीच्या रिफाइंड तेलावर हात बसवा, शेवाळाचं तेल वाया घालवू नका. १०० मिली तेलाला २५ मिली मिथेनॉल आणि ०.३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवून ते ५५-६० डिग्रीच्या तेलात टाकायचं, तासभर ढवळायचं, ६५ ला मिथेनॉल उकळतं म्हणून वर जाऊ नका. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, वाफही वाईट, घरच्या किचनमध्ये अजिबात नाही, हातमोजे आणि गॉगल पाहिजेच. शेवाळाच्या तेलात आम्ल बरंच असतं, त्यामुळे आधी टायट्रेशन करा, म्हणजे थेंब थेंब सोडा टाकून आम्ल किती आहे ते मोजा. थोडं असेल तर तेवढा सोडा वाढवा, जास्त असेल तर सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलने आधी एक फेरी घ्यावी लागते, नाहीतर डिझेलऐवजी साबण होतो.

रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन खाली बसतं, वरचं बायोडिझेल वेगळं काढा, कोमट पाण्याने दोन-तीनदा हळू धुवा, जोरात हलवलं की दुधासारखं फेसाळतं आणि मग सुटत नाही. शेवटी १०० डिग्रीच्या थोडं वर तापवून पाणी उडवा. तपासायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाका, सगळं विरघळलं तर जमलं, तळाशी तेल बसलं तर रिॲक्शन अर्धवट राहिली, परत मिथेनॉल-सोडा लावा. धुण्याचं पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. टाकीवरचं सोडलेलं पाणी मात्र केळीच्या बागेला खुशाल द्या, फक्त ड्रिपमधून नको, नळ्या चोक होतात.