फिजिशियन असिस्टंटच्या प्रवेशाला अर्ज करताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की चार-पाच दिवसांत तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर रांग लागते. नीटला गुण कमी पडलेले, नर्सिंग नको म्हणणारे, आणि 'डॉक्टरच्या हाताखालचा चांगला कोर्स आहे म्हणे' एवढंच ऐकून आलेले, असे सगळे त्या रांगेत असतात. तो कोर्स म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा मदतनीस. यातल्या बऱ्याच जणांचं घोडं मार्कांवर अडत नाही. ते अडतं कागदांवर, नाहीतर आपण नक्की कशासाठी अर्ज करतोय हेच धड न कळल्यामुळे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हुशार मुलांचं वर्ष अशा कारणांनी वाया जाताना बघवत नाही.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तेव्हापासून 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव रुळलं. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात मात्र 'फिजिशियन असोसिएट' असा शब्द आहे. माहितीपुस्तिकेत दोन्ही नावं दिसली की दोन वेगळे कोर्स समजून दोनदा अर्जाची फी भरू नका.

नावातला 'व' आणि गेलेलं वर्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि टाळायला सगळ्यात सोपीही हीच. मराठी नावातला 'व' इंग्रजीत कोणी 'व्ही'ने लिहितं, कोणी 'डब्ल्यू'ने. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर वडिलांचं नावच नाही. गावात याने काही अडत नाही. परराज्यातल्या कॉलेजच्या काउंटरवर अडतं.

गुहागर तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. पीसीबीला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला, ७८ टक्के, मुलाखत उत्तम झालेली, यादीत नाव. शुक्रवारी दुपारी कागद तपासताना गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' आणि आधारवर 'व्ही' निघाला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोमवारी पाचपर्यंत आणा, असं सांगण्यात आलं. मासेमारीबंदीचे दिवस, त्यामुळे वडील घरीच होते. शनिवारी ते तालुक्याला धावले, तर कार्यालय बंद. सोमवारी अकराला कागद हातात आला, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला, पण कॉलेजला मूळ प्रत हवी होती. रात्रीची गाडी पकडून मंगळवारी पोचेपर्यंत जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला दिलेली. वाईट याचं वाटतं की मुलीला अठरा पूर्ण होती. त्याच शहरातल्या नोटरीसमोर तिने स्वतः प्रतिज्ञापत्र केलं असतं, तर शुक्रवारी संध्याकाळच्या आत काम झालं असतं. गावाहून आणायची गरजच नव्हती. हे तिला कोणी सांगितलं नाही.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत एक फुलस्केप घ्या. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, पासबुक, सगळं समोर मांडा. प्रत्येकावरचं स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव एकाखाली एक, अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवा. शेजारी जन्मतारीख. फरक असेल तिथे लाल खूण. दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि बाकीचं तिच्याशी जुळवा, कारण आधार दुरुस्त करणं सोपं असतं. गुणपत्रिका दुरुस्त करायची तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जोडून शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं, आणि त्यात महिने जातात. आधारवरही नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून फॉर्म भरणाऱ्याच्या घाईवर सोडू नका. स्क्रीनवरचं स्पेलिंग स्वतः वाचा, मगच अंगठा द्या. प्रवेशाला जाताना मुलाला अठरा पूर्ण नसतील तर आई किंवा वडील सोबत हवेतच. सही कोण करणार?

कागद हवेतच, पण कुठले?

परराज्यात जाणार असाल तर आपलं मंडळ सोडल्याचं मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. इथे रायगडची मुलं हमखास चुकतात. 'कोकण विभागीय मंडळ' रत्नागिरीत आहे म्हणून ती तिकडे जातात. ते मंडळ फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं. अलिबाग, महाड, श्रीवर्धनची मुलं मुंबई विभागात येतात, त्यांना वाशीला जावं लागतं.

दाखला मराठीत असेल तर कोचीच्या किंवा चेन्नईच्या कारकुनाला तो वाचता येणार नाही. मुख्याध्यापकांकडून इंग्रजी प्रत शिक्क्यासह घ्या. तीही जूनच्या आधी, कारण शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. पावसात बुरशी धरते म्हणून घरोघरी हेच करतात, आणि मग शिक्का हाताने तपासता येत नाही, मागे नोंद करता येत नाही, स्कॅन करताना मधोमध पांढरा झोत उमटतो. साधी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी, ती पत्र्याच्या डब्यात, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा वारा. एवढं पुरतं. आधीच लॅमिनेट झालं असेल तर घरी सोलायला जाऊ नका, शाई निघून येते. त्यापेक्षा दुय्यम प्रत मागवा.

जातीच्या दाखल्याबद्दल दोनच गोष्टी. महाराष्ट्राचं आरक्षण दुसऱ्या राज्याच्या कोट्यात चालत नाही. तिथे तुम्ही बाहेरच्या राज्यातले उमेदवार. आणि महाराष्ट्रातच आरक्षणातून जागा हवी असेल तर पडताळणी अकरावीतच सुरू करा. पुरावा किती जुना लागतो ते ठरलेलं आहे: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या प्राथमिक शाळेचं रजिस्टर पावसाने खराब झालेलं निघालं तर दुसरा पुरावा शोधायला वेळ हवा. नॉन-क्रिमीलेअरवर छापलेल्या सालाचा ३१ मार्च उलटला की तो कागद कामाचा नाही. मुदत आत्ताच बघा.

टक्केवारी कुठली धरायची

एकूण टक्केवारी वेगळी, पीसीबीची वेगळी. अर्जात बहुतेक वेळा दुसरी मागतात. सहाशेपैकी ४०२ म्हणजे ६७ टक्के. पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून तीनशेपैकी १८६ असतील तर तुमचे ६२ टक्केच. चुकीचा आकडा टाकला तर तपासणीत अर्ज बाद होऊ शकतो, आणि 'चुकून झालं' हे तिथे कोणी ऐकत नाही. द्विलक्षी विषय घेताना बायोलॉजी सोडलेल्या मुलांनी आधी पात्रतेची ओळ वाचावी. मत्स्यविषयात दोनशेपैकी १८० असले तरी ते बायोलॉजीच्या जागी धरत नाहीत.

'एका वर्षात फिजिशियन असिस्टंट'

एसटी स्टँडसमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर असा बोर्ड दिसतो. खाली बारीक अक्षरात 'सरकारमान्य'. रविवारी वर्ग, हजेरीची सक्ती नाही, शंभर टक्के नोकरी. घाईत असलेल्या मुलाला हे गोड लागतं आणि आईबापांना फी कमी वाटते. माझं स्पष्ट मत आहे की हा पैसा समुद्रात टाकला तरी नुकसान कमी होईल, कारण निदान वर्ष तरी हातात राहील.

हिशेब करून बघा. वर्षात ५२ रविवार, रोज सहा तास धरले तरी ३१२ तास. २०२१ च्या कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेलासुद्धा किमान दोन वर्षं आणि २,००० तास लावले आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान तीन वर्षं आणि ३,६०० तास. तमिळनाडूच्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाची बी.एस्सी. तीन वर्षांची, वर एक वर्ष इंटर्नशिप. चार वर्षांचं काम ३१२ तासांत कसं उरकणार? ताप आलेल्या माणसाला प्रश्न कसे विचारायचे, पोट कसं चाचपायचं, टाके कसे घालायचे, हे खाटेशेजारी उभं राहूनच येतं. पत्राने किंवा ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा दरवाजा तर बंदच झाला आहे: या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी मी पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारायला सांगतो. पदवी कोण देणार? 'आमचीच' असं उत्तर आलं तर उठा. विद्यापीठाचं नाव सांगितलं तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन संलग्न कॉलेजांच्या यादीत हे कॉलेज, हाच अभ्यासक्रम आणि याच वर्षाची प्रवेशक्षमता तिन्ही शोधा. कॉलेजला मान्यता असते, पण या कोर्सला नसते, हा नेहमीचा सापळा आहे. मग रुग्णालय कुणाचं, किती खाटांचं, इंटर्नशिप कुठे? उत्तर गोलमोल असेल तर तिथे जाऊन वॉर्ड बघा. शेवटी, मूळ कागद ठेवून घेणार का? संलग्न कॉलेजांना ते ठेवून घ्यायला यूजीसीने मनाई केली आहे. तपासून लगेच परत घ्या, छायांकित प्रती द्या.

पैसे रोखीने देऊ नका, पावती विद्यापीठ किंवा कॉलेजच्या नावाची हवी. दुसरीकडे नंबर लागला तर फी बुडाली, असं समजून गप्प बसणारे पालक फार. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रियाशुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते. त्यानंतर, शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के; तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, पुढे शून्य. म्हणून रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी ईमेलने पाठवा. फोनवर सांगितल्याची तारीख सिद्ध करता येत नाही.

मुलाखत

'लोकांची सेवा करायची आहे.' हे वाक्य ऐकून समितीचे कान किटलेले असतात. सायबर कॅफेत विकत मिळणारं इंग्रजी निवेदन तर पहिल्या प्रश्नात उघडं पडतं. त्यांना बघायचं असतं की हे काम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का. फिजिशियन असिस्टंट रुग्णाची हकीकत घेतो, तपासतो, तपासण्यांचा पाठपुरावा करतो, राउंडच्या नोंदी आणि डिस्चार्जचा कागद तयार करतो, शस्त्रक्रियेत हात देतो, आणि हे सगळं नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. तो स्वतंत्र दवाखाना टाकत नाही, नावामागे 'डॉ.' लावत नाही. ज्यांना पुढे तेच करायचं आहे त्यांनी हा अर्ज करू नये, हे मी मनापासून सांगतो. चार वर्षं कुढत काढण्यात काय अर्थ?

तयारी करायची तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत चार सकाळी एका कोपऱ्यात उभं राहा. जुलैत ताप घेऊन आलेल्या बाईला डॉक्टर आधी पायाकडे बघून विचारतात, 'लावणीला गेला होतात का? पायाला चीर वगैरे?' हा प्रश्न लेप्टोसाठी, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापासाठी असतो. विंचू चावलेल्या मुलाचे तळवे गार आणि ओले आहेत का, हे हात लावून बघतात. चावून किती वेळ झाला ते विचारतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या महाडचेच. आपल्या भागातल्या आजारांबद्दल असं चार वाक्यं नीट बोलणारा मुलगा पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा समितीच्या लक्षात राहतो. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे.

बाकीचं थोडक्यात

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, सेल्फी नाही. अर्ज शेवटच्या रात्री भरू नका. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली की टॉवरही जातो. फायली आधीच पेन ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे ऐनवेळी तालुक्याला जाऊनही भरता येईल. लॉगिनसाठी सायबरवाल्याचा मोबाइल नंबर देऊ नका, ओटीपी आणि यादीचा मेसेज दोन्ही त्याच्याकडे जातात.

हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात पाऊल टाकण्याआधी पूर्ण हवी. डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. जानेवारीत पहिला घेतला तर जुलैत तिसरा बसतो. प्रवेश मिळाल्यावर सुरू केला तर पहिलं सत्र अर्धवट संरक्षणात जातं.

मंगला किंवा नेत्रावतीने रत्नागिरीहून एर्नाकुलमला जाणार असाल तर जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्यांच्या वेळा बदलतात, दरड आली तर तासन् तास खोळंबतात. रिपोर्टिंगच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचेल अशी गाडी धरा.

आणि इथली पदवी घेऊन थेट अमेरिकेत पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, म्हणून काम करता येतं, असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. तिथे एआरसी-पीए या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झाल्याशिवाय पॅन्स या पीएच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसताच येत नाही, आणि त्या अभ्यासक्रमांचे अर्ज बहुतांशी कॅस्पा या वेगळ्या पोर्टलवरून जातात.