फाईल कुठे ठेवली, हे आधी शिकवा

फॉर्म भरायचे दिवस आले की इंदूरला भंवरकुआंजवळच्या दुकानांत मुलं ‘फोटो छोटा करून द्या’ म्हणत उभी असतात. घरी लॅपटॉप असतो, पण फोटो त्यात कुठे आहे तेच सापडत नाही. दोष त्यांचा नाही. फोनवर सगळं ‘अलीकडचं’ म्हणून समोर येतं, फोल्डर कधी दिसतच नाही. राजेंद्रनगर असो की लोकमान्य नगर, घरातल्या मोठ्यांनी एक-दोन संध्याकाळी दिल्या तर हे सहज शिकवता येतं. माऊस मात्र मुलांच्याच हातात राहू द्या.

विंडोजचं बटण दाबून ‘ई’ दाबा, फाईल एक्सप्लोरर उघडेल. विंडोज ११ मध्ये वर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. आता ‘फोटो’ऐवजी ‘फोटो.पीएनजी’ असं पूर्ण नाव दिसेल. हे चालू केल्याशिवाय पुढे जाऊच नका. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’सारखी फसवी फाईल, म्हणजे पीडीएफचं सोंग घेतलेला प्रोग्राम, ओळखायची पहिली सोय हीच आहे.

मग ‘डाउनलोड्स’ उघडून वरच्या पट्टीतल्या रिकाम्या जागी क्लिक करा. पूर्ण पत्ता दिसेल: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात डाउनलोड्स. तो मुलांना मोठ्याने वाचायला लावा. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘फॉर्म’ नावाचा फोल्डर करून कागदपत्रं तिथे हलवा. नावात तारीख घालायची तर 2025-05-12 अशी, वर्ष आधी, म्हणजे फाईली आपोआप क्रमाने लागतात. 12/05/2025 चालणार नाही, कारण तिरकी रेघ विंडोज नावात घेत नाही.

आता फोटो. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो बहुधा काही एमबीचा असतो आणि बऱ्याच फॉर्मांना 50 केबीच्या आतला लागतो. फोटो पेंटमध्ये उघडा. ‘रिसाइज’मध्ये ‘पिक्सेल्स’ निवडा, लांबी-रुंदीचं प्रमाण राखायची खूण तशीच ठेवा आणि रुंदी 300 करा. नंतर ‘सेव्ह ॲज’, ‘जेपीईजी’, आणि नाव नवीन, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहील. फाईलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये साइज बघा. जास्त भरली तर मूळ फोटोवरूनच 250 करून पाहा. फॉर्मने किमान मर्यादाही दिली असेल आणि साइज तिच्यापेक्षा कमी भरली तर 350. छोट्या केलेल्या फोटोला पुन्हा मोठं केलं की चेहरा धूसर होतो. नुसतं नाव बदलून पीएनजीचं जेपीजी केलं तर आतली फाईल पीएनजीच राहते, आणि मग ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’ का आलं ते कळत नाही.

बरंच काम बुडतं ते झिपमध्ये, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधलेल्या फाईलमध्ये. झिपवर डबल क्लिक केलं की ती फोल्डरसारखी उघडते, म्हणून मुलं आतली वर्ड फाईल तिथूनच उघडून लिहायला लागतात. प्रत्यक्षात उघडलेली असते ती तात्पुरती प्रत. केलेले बदल झिपमध्ये परत जात नाहीत. आधी राइट क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, आणि मग बाहेर आलेल्या फोल्डरमधली फाईल उघडायची.

वनड्राइव्ह, म्हणजे नेटवर फाईली ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय, चालू असेल तर डेस्कटॉपसुद्धा त्याच्याच आत असू शकतो. फाईलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती लॅपटॉपवर नाही, नेट असेल तरच उघडेल. फॉर्मच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. वनड्राइव्हची फुकटची जागा 5 जीबीच असते; ती भरली की नव्या फाईली वर चढणं थांबतं. लॅपटॉपवरून डिलीट केलेली फाईल वनड्राइव्हवरूनही जाते, त्यामुळे ही वेगळी प्रत धरू नका. पेन ड्राइव्हवर एक प्रत हवीच, आणि काढताना आधी ‘इजेक्ट’.

शेवटी एक परीक्षा घ्या. एखादी पीडीएफ सेव्ह करायला सांगा, सगळं बंद करा, आणि सर्चला हात न लावता ती शोधायला सांगा. अडलं तर बोट दाखवू नका, ‘सेव्ह करताना वर कोणता फोल्डर दिसत होता?’ एवढंच विचारा.