नेमके पाच सेकंद: डेबियन सर्व्हरवर आधी नावं, मग कर्नल

मिरजेतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. मध्यंतरी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, "दादा, पासबुक छापायला घेतलं की कॉम्प्युटर विचार करत बसतोय." जाऊन घड्याळ लावलं. दर वेळी पाच सेकंद. चार नाही, सहा नाही.

सर्व्हरवर ताण असेल तर उशीर कमीजास्त होतो. असा मोजून पाच सेकंदांचा उशीर दिसला की मी पहिला संशय डीएनएसवर, म्हणजे मशीनच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर घेतो. जीलिबसी (लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी) एका डीएनएस सर्व्हरच्या उत्तराची मुळात तेवढीच वाट बघते आणि मग पुढच्याकडे वळते. पुढचं नाव विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू!

आधी 'टाइम गेटेंट एहोस्ट्स डीबी' चालवा; नाव शोधायला किती वेळ लागतो ते कळतं. 'डीबी' हे आमच्या डेटाबेसच्या मशीनचं नाव. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.) 'डिग'वर विसंबू नका. ते थेट डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) बघतच नाही. तुमचं ॲप्लिकेशन बहुधा गेटेंटच्याच वाटेने जातं.

मग '/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' उघडा, डीएनएस सर्व्हरांचे पत्ते त्यात असतात. तिथे 127.0.0.53 दिसलं तर सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावं शोधणारी वेगळी सेवा चालू आहे. मग ही फाइल हाताने बदलू नका, 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' बघा. आमच्या डेबियन 12 वर ती हातानेच लिहिलेली होती, आणि पहिली 'नेमसर्व्हर' (म्हणजे डीएनएस सर्व्हरची) ओळ जुन्या इंटरनेट कंपनीची. कनेक्शन बदललं, ओळ राहिली. तो सर्व्हर परक्या ग्राहकाला नकारही देत नव्हता, नुसता गप्प. ओळ उडवली, पासबुक चटकन छापलं.

जिवंत नेमसर्व्हर दोन पुरतात. तीनच्या पुढच्या ओळी जीलिबसी वाचत नाही. खाली 'ऑप्शन्स टाइमआउट:1 अटेम्प्ट्स:2' लिहा, म्हणजे उद्या एखादा मेला तरी खोळंबा सेकंदाचाच. 'रोटेट' (सर्व्हरना आळीपाळीने विचारायचा पर्याय) मी देत नाही, त्यात मेलेल्याचाही नंबर लागतोच. जीलिबसी 2.26 पासून चालू प्रोग्रॅम हा बदल आपणहून उचलतात.

डेटाबेसचं नाव मी होस्ट्स फाइलमध्येच टाकलं: '192.168.10.20 डीबी'. नाव आधी कुठे शोधायचं हे 'एनएसस्विच.कॉन्फ' ठरवते; तिच्यातल्या 'होस्ट्स' ओळीत 'फाइल्स' हे 'डीएनएस'च्या आधी हवं. सर्व्हरचं स्वतःचं नाव 127.0.1.1 समोर आहे ना, तेही बघा. नसेल तर 'सुडो' (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची कमांड) सुद्धा रेंगाळतो.

आता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. कोणीतरी त्याच्या सेटिंगच्या 'सिस्कटीएल.कॉन्फ' फाइलमध्ये कुठून तरी आणून तीसेक ओळी चिकटवल्या होत्या. त्यातलं 'टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल' हे सेटिंग तर कर्नल 4.12 मध्येच काढून टाकलंय, त्यामुळे लोड करताना दर वेळी तक्रार. मी सगळ्या ओळींपुढे हॅश (#) लावला, म्हणजे त्या वाचल्याच जात नाहीत. कोणाचं काही अडलं नाही.

'सोमॅक्सकॉन' (रांगेत थांबू शकणाऱ्या नव्या कनेक्शनांची मर्यादा) पूर्वी 128 असायचं, कर्नल 5.4 पासून 4096 आहे, पतसंस्थेला रग्गड. तरी शंका असेल तर 'एनस्टॅट -एझेड'मध्ये 'लिसनओव्हरफ्लोज'चा (रांग भरल्याच्या वेळा) आकडा दोनदा बघा, दुपारी आणि गर्दीच्या वेळी. वाढत असेल तरच '/इटीसी/सिस्कटीएल.डी/90-लोकल.कॉन्फ'मध्ये सोमॅक्सकॉनची एक ओळ लिहा आणि 'सिस्कटीएल --सिस्टम' चालवा. ॲप्लिकेशनचा बॅकलॉगही (त्याने स्वतः मागितलेली रांगेची लांबी) वाढवावा लागतो; दोन्हींतला लहान आकडाच धरला जातो.

होस्ट्स फाइलमधल्या डेटाबेसच्या ओळीच्या वर, हॅशने सुरू होणाऱ्या वेगळ्या ओळीत तारीख आणि कारण लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं. पुढे डेटाबेसचं मशीन बदललं तेव्हा अख्खी संध्याकाळ केबली तपासत बसलो होतो.